टायटलचे ३३ डॉलर नक्की कुणाच्या खिशात जातात?

मधला बाक
शनि, सकाळी ८:५०

परवा मुलीसाठी जुनी कोरोला घेतली. विकणारे एक निवृत्त शिक्षक. साडेसहा हजार डॉलरला सौदा ठरला, १३०-यू फॉर्मवर (टायटलच्या अर्जावर) त्यांची सही घेतली, टायटलच्या, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाच्या, मागेही सही घेतली आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जाऊन बसलो. (टेक्सासबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे गाडीचा कागद नावावर करायला डीएमव्हीत (राज्याच्या वाहन खात्यात) नाही, काउंटीच्या टॅक्स असेसर-कलेक्टरकडे जायचं असतं. तलाठी आणि आरटीओ एकाच खिडकीत.)

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म बघितला, स्क्रीन बघितली, परत फॉर्म बघितला. म्हणाल्या, राज्याच्या हिशेबात या गाडीची किंमत ९,००० आहे, त्याच्या ८० टक्के म्हणजे ७,२००. तुमची किंमत त्याहून कमी, सबब कर ७,२०० वर. ६.२५ टक्क्यांनी ४५० झाले. म्हटलं, घासाघीस करून कमावलेले सातशे डॉलर यांच्या लेखी कमावलेच नाहीत. असो. तो कायदा आहे, दिला कर.

पण पावतीवर आणखी दोन ओळी होत्या. टायटल अर्ज ३३. रजिस्ट्रेशन ट्रान्सफर २.५०. अडीच डॉलर समजले. ३३ कशाचे? आम्ही डॅलसला, धाकटा भाऊ लबकला असतो, त्याने गेल्या वर्षी असाच व्यवहार केला तेव्हा त्याला २८ पडले. राज्य एक, फॉर्म एक, कागदही एकाच छापखान्यातला. मग आम्ही पाच डॉलर जास्त का द्यायचे? आणि एक कागद काढायला खरंच तेहेतीस डॉलर लागतात का? इथे कुणीतरी जाणकार असेल म्हणून विचारतो.

अर्धा कप
शनि, सकाळी ९:०५

रुमाल टाकून ठेवतो. तेहेतीस डॉलरसाठी धागा काढणारे अजून शिल्लक आहेत हे बघून बरं वाटलं. इकडे पुण्यात आम्ही लाखात भरतो आणि ब्र काढत नाही.

डांबरी रस्ता
शनि, सकाळी १०:४०

मधला बाक, प्रश्न चांगला आहे. मी बरीच वर्षं टेक्सासातच एका काउंटीच्या रस्त्यांच्या कामात होतो, त्यामुळे हा पैसा येताना नाही तरी पोहोचताना (किंवा न पोहोचताना) बघितलाय.

तुमच्या ३३ चे दोन तुकडे करा, १३ आणि २०. टायटलचा खरा अर्ज १३ चाच. त्यातले ५ काउंटीकडे राहतात, म्हणजे त्या खिडकीतल्या बाईंच्या बाजूला. ८ राजधानी ऑस्टिनला वाहन खात्याकडे जातात. कागद, छपाई, टपाल, संगणक सगळं त्यातच.

उरलेले २० हवेचे. २००१ साली विधिमंडळाने टेक्सास एमिशन्स रिडक्शन प्लॅन नावाची योजना काढली, इथे सगळे 'टर्प' म्हणतात. जुनी डिझेल इंजिनं बदलायला अनुदान द्यायचं, ट्रक, शाळेच्या बसेस, खडी पसरणारी यंत्रं वगैरे. डॅलस आणि ह्यूस्टनच्या हवेतल्या ओझोनने केंद्र सरकारची मर्यादा ओलांडली होती, त्यावर हा उतारा. पैसा कुठून आणायचा? टायटलवर लावा. ज्या काउंट्यांची हवा वाईट तिथे २०, बाकी राज्यात १५. तुमचा भाऊ लबकला १३ अधिक १५ देतो, झाले २८. तुम्ही डॅलसची हवा खाता, तुम्हाला पाच जास्त.

इथपर्यंत सरळ आहे. पुढे गंमत.

तुमचे वीस डॉलर टर्पच्या खात्यात जातच नाहीत. २००८ पासून ते टेक्सास मोबिलिटी फंडात जमा होतात. हा फंड रस्त्यांसाठी कर्जरोखे काढायला केलेला, २००१ मध्येच घटनादुरुस्ती करून. रोख्यांच्या परतफेडीला ठरलेलं, हक्काचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणून टायटलची फी तिकडे वळवली. मग हवेचं काय? तर तेवढीच रक्कम महामार्ग खातं आपल्या निधीतून टर्पला देतं. म्हणजे तुम्ही हवेसाठी दिलेले रस्त्याला जातात आणि रस्त्याचे हवेला. बेरीज तीच. पावती बघून मात्र माणूस चक्रावतो.

अजून आहे. बरीच वर्षं टर्पच्या खात्यात पैसा नुसता साचत होता. विधिमंडळ दर अधिवेशनात त्यातला काही भागच खर्चाला मंजूर करायचं. कारण न खर्चलेली शिल्लक कागदावर राज्याच्या तिजोरीत मोजता येते आणि अंदाजपत्रक जुळलेलं दिसतं. लोकांनी हवेसाठी दिलेला पैसा हवेला न लावता ताळेबंदाला टेकू म्हणून उभा. शेवटी २०१९ ला कायदा झाला आणि सप्टेंबर २०२१ पासून टर्पचा निधी तिजोरीबाहेर काढला, आता दरवेळी मंजुरीची वाट बघावी लागत नाही. २०२१ मध्येच दुसरा कायदा आला, की या निधीतले किमान ३५ टक्के महामार्ग निधीकडे परत द्यायचे, वाहतूक कोंडी कमी करून हवा सुधारण्यासाठी. फिरून भोपळे चौकात.

खडीसाखर
शनि, सकाळी ११:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). 'ताळेबंदाला टेकू' वाचून आमच्या सोसायटीचा सिंकिंग फंड आठवला.

अर्धा कप
शनि, सकाळी ११:३०

डांबरी काका, एवढी सरळ माहिती दिलीत तर माझी थट्टा मागे घेतो. आमच्याकडचंही सांगतो मग. महाराष्ट्रात १२ लाखांची पेट्रोल गाडी घेतली तर वाहन कर १२ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार, एकदाच. नोंदणीचं शुल्क म्हणाल तर ६०० रुपये. म्हणजे जिला तुम्ही रजिस्ट्रेशन फी म्हणता ती आमच्याकडे चिल्लर, आणि कर हा खरा घास. तो सगळा राज्याच्या एकत्रित निधीत. तिथून पगार, कर्जाचं व्याज, शाळा, रस्ते, जे काय असेल ते. तुमच्यासारखं 'हे पाच इकडे, हे आठ तिकडे' काही नाही. म्हणूनच 'रोड टॅक्स भरला तर टोल कशाला' हा वाद आमच्याकडे संपत नाही.

फाटका पाल
शनि, दुपारी १२:०२

टोलचा विषय निघालाच आहे तर! ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ केला, निवडणुकीच्या तोंडावर. आता बाकीच्या ठिकाणी का नाही? आमच्याकडे तर

(बाकी मजकूर संपादित. टोलसाठी वेगळा धागा आहे, तिथे जा. - संपादक)

सदाफुली
शनि, रात्री ९:२०

आमच्याकडे कॅलिफोर्नियात सकाळ झाली की तुमच्याकडे गप्पा संपत आलेल्या असतात. उशिरा का होईना, टेक्सासची गंमत वाचून आमची सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी १९९९ पासून बे एरियात (सान फ्रान्सिस्कोच्या आसपास) आहे, हिशेबाच्या नोकरीत, आणि दरवर्षी डीएमव्हीचं रजिस्ट्रेशनच्या रिन्युअलचं पत्र आलं की चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचते. नवरा म्हणतो, लग्नपत्रिका इतकी बारकाईने वाचली नव्हतीस.

आमच्या बिलातली सगळ्यात जाड ओळ म्हणजे व्हेइकल लायसन्स फी, व्हीएलएफ. नाव फी, काम कराचं. १९३५ मध्ये गाड्यांवरचा मालमत्ता कर काढून त्याऐवजी ही आणली. आता दर ०.६५ टक्के, गाडीच्या किमतीवर, आणि किंमत दरवर्षी ठरलेल्या तक्त्याने उतरत जाते. ३०,००० ची गाडी असेल तर पहिल्या वर्षी १९५, दुसऱ्या वर्षी किंमत ९० टक्के धरतात, तिसऱ्या वर्षी ८०, असं करत अकराव्या वर्षी १५ टक्क्यांवर येऊन थांबते.

हा पैसा राज्याला स्वतःकडे ठेवता येत नाही, घटनेतच लिहिलंय की काउंट्यांना आणि शहरांना द्यायचा. पण 'द्यायचा' म्हणजे कशासाठी? मला वाटायचं रस्त्यातले खड्डे. एकदा शोधलं तर कळलं, यातला मोठा वाटा १९९१ च्या एका कायद्यानुसार काउंट्यांच्या मानसिक आरोग्य, सार्वजनिक आरोग्य आणि समाजकल्याणाच्या कामांना जातो. २०११ पासून आणखी एक भाग स्थानिक पोलिसांच्या योजनांना. म्हणजे माझ्या गाडीच्या फीतून रस्त्याचा खड्डा नाही बुजत, काउंटीचं मानसोपचार केंद्र चालतं. तक्रार नाही हो. केंद्रंही चालायलाच हवीत. पण बिलावर तसं लिहा की.

आणि ०.६५ ची गोष्ट. मी आले तेव्हा मूळ दर २ टक्के होता, १९९८ च्या कायद्याने राज्य तो टप्प्याटप्प्याने कमी करत होतं आणि शहरांचा तोटा आपल्या तिजोरीतून भरून देत होतं. २००३ मध्ये तिजोरीत खडखडाट झाला. राज्य म्हणालं, आता भरपाई देता येत नाही, दर परत २ टक्क्यांवर. लोकांच्या बिलात तिप्पट आकडा आला. आमच्या ऑफिसात लोक जेवणाच्या सुट्टीत बिलं एकमेकांना दाखवत होते. आधीच वीजटंचाईवरून गव्हर्नर ग्रे डेव्हिसवर राग होता, त्यात हे. ७ ऑक्टोबर २००३ ला मतदारांनी मतदान करून त्यांना पदावरून काढलं, आणि नोव्हेंबरात श्वार्झनेगर शपथ घेऊन बसले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सही कशावर केली, तर ही वाढ रद्द करण्यावर. गाडीच्या फीवरून सरकार पडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

(पुढच्या वर्षी मूळ दरच ०.६५ झाला, आणि शहरांना त्या बदल्यात मालमत्ता करातला हिस्सा दिला. त्याला 'स्वॅप' म्हणतात. डांबरी काका, तुमच्या वीस डॉलरच्या अदलाबदलीची मोठी बहीण.)

डांबरी रस्ता
शनि, रात्री ९:५५

सदाफुलीताई, मोठी बहीण नाही, सासूच म्हणा. आणि रस्त्याचा पैसा कुठून येतो मग तुमच्याकडे? पेट्रोलवरचाच?

सदाफुली
शनि, रात्री १०:३०

बराचसा पेट्रोलचा. पण २०१७ मध्ये एसबी १ नावाचा कायदा झाला, तेव्हापासून रिन्युअलवर अजून एक ओळ, ट्रान्सपोर्टेशन इम्प्रूव्हमेंट फी. गाडीच्या किमतीप्रमाणे पाच पायऱ्या, सुरुवातीला २५ पासून १७५ डॉलरपर्यंत, २०२० पासून महागाईप्रमाणे वाढते. ही खरोखर रस्ते आणि सार्वजनिक वाहतुकीला बांधलेली आहे. जून २०१८ मध्ये तर मतदारांनी घटनेतच लिहून टाकलं की हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, आणि त्याच नोव्हेंबरात ही फी रद्द करायचा प्रस्ताव आला तो पाडला. याच मतदारांनी पंधरा वर्षांपूर्वी तिप्पट फीवरून गव्हर्नर घालवला होता. फरक काय, तर या वेळी पैसा कुठे जाणार ते आधी सांगितलं होतं, असं माझं मत.

डीएमव्ही आणि हायवे पेट्रोल यांचा खर्च मुख्यतः मूळ रजिस्ट्रेशन फीच्या खात्यातून चालतो, ते वेगळं. शिवाय बारक्या ओळी. महामार्गाच्या कडेला ते पिवळे फोनचे खांब बघितले असतील, अडकलेल्या माणसाला मदत मागायला, त्यासाठी १ डॉलर. सोडून दिलेल्या गाड्या उचलायला १ डॉलर. हवेसाठी स्थानिक मंडळाला काही. आमच्या काउंटीत २०१० च्या मतदानाने लागलेले १० डॉलर, तेही स्थानिक रस्त्यांसाठी.

आजोबांची सायकल
रवि, सकाळी ७:१५

दोघांचंही वाचलं. माझं उलट मत आहे. कुठला डॉलर कुठे जातो हे बांधून टाकणं हीच चूक. घरात आपण पगाराच्या पाकिटावर 'दूध', 'वीज', 'गणपती' अशी नावं घालतो का? पूर्वी घालायचे, डब्यांत पैसे ठेवायचे, आणि विजेचे पैसे संपले की दुधाच्या डब्यातून घ्यायचे. टर्पचं नेमकं तेच झालं. त्यापेक्षा महाराष्ट्रासारखा एकच डबा बरा, लोकप्रतिनिधी ठरवतील काय महत्त्वाचं ते.

अर्धा कप
रवि, सकाळी ७:४०

आजोबा, एक डबा असला की त्यात हात कुणाचा जातो हे दिसत नाही, एवढीच अडचण आहे. बाकी सहमत.

डांबरी रस्ता
रवि, सकाळी ८:३०

आजोबांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बांधलेला पैसा वाकवता येतो हे मीच वर लिहिलं. पण न बांधलेला पैसा ग्रामीण काउंटीला कधीच मिळाला नसता, हे मी अनुभवाने सांगतो.

टेक्सासात रजिस्ट्रेशनची मूळ फी ५०.७५. त्यातलं काउंटीने आपल्याकडे किती ठेवायचं याचं सूत्र कायद्यात आहे आणि ते जुन्या काळच्या पाटलाने लिहिल्यासारखं आहे. वर्षाच्या सुरुवातीला येणाऱ्या वसुलीतून काउंटीने पहिले ६०,००० डॉलर ठेवायचे. अधिक काउंटी स्वतः सांभाळत असलेल्या रस्त्याच्या दर मैलाला ३५० डॉलर, पण ५०० मैलांपर्यंतच. एवढं झालं की पुढची वसुली राज्याशी निम्मी-निम्मी, काउंटीच्या हिश्शात आणखी १,२५,००० पडेपर्यंत. त्यानंतरचं सगळं राज्याचं. कमाल बेरीज ३,६०,०००.

आता बघा. डॅलसच्या आसपासच्या काउंटीत लाखो गाड्या, तिला हे ३,६०,००० म्हणजे सुरुवातीच्या काही दिवसांची वसुली. पण पश्चिमेकडच्या एखाद्या काउंटीत माणसं कमी, मातीचे रस्ते भरपूर. तिच्यासाठी ही मोजणी गाड्यांवर नाही, मैलांवर आहे. तिथला ग्रेडर (रस्ता सपाट करायचं यंत्र) चालवणारा जूनमध्ये पाऊस झाल्यावर शेताकडच्या रस्त्यावर पातं फिरवत असतो ना, त्याच्या डिझेलात हे पैसे आहेत. एकच डबा असता तर ह्यूस्टनने कधीच पळवला असता.

(या सूत्रात वाईट काय, तर हे आकडे महागाईला बांधलेले नाहीत. डांबराचा भाव बांधलेला नाही, पण चढतो.)

कढीपत्ता
रवि, सकाळी १०:१०

व्हर्जिनियातून हजेरी. आमच्याकडे राज्याची फी किरकोळ, पण काउंटी गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर घेते, 'कार टॅक्स'. १९९८ मध्ये राज्याने तो हळूहळू घालवायचं ठरवलं, खासगी गाडीच्या पहिल्या २०,००० डॉलर किमतीवरचा कर राज्य काउंटीला भरून देणार. खर्च हाताबाहेर जायला लागला, म्हणून २००६ पासून वर्षाला ९५ कोटी डॉलरवर खुंटी मारली. तेवढेच पैसे अजूनही वाटले जातात. गाड्या वाढल्या, किमती वाढल्या, खुंटी तिथेच. त्यामुळे बिलावर सवलतीचा टक्का दिसतो तो सुरुवातीपेक्षा कितीतरी आक्रसलाय. सदाफुलीताईंचा 'भरपाई देता येत नाही' हा संवाद आमच्याकडे न बोलता झाला.

मधला बाक
रवि, दुपारी १:००

बापरे. मी पाच डॉलर विचारायला आलो होतो. सगळ्यांचे आभार.

सदाफुलीताई, तुम्ही हिशेबातल्या म्हणून विचारतो. यातलं काही आयकरात वजा होतं का? आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं काय? शेजाऱ्याने नवी घेतली, तो ४०० डॉलर भरले म्हणून चिडलाय.

सदाफुली
रवि, दुपारी २:१०

केंद्राच्या आयकरात गाडीच्या किमतीवर बसणारा भागच मालमत्ता कर म्हणून धरतात. म्हणून कॅलिफोर्नियात फक्त व्हीएलएफची ओळ, बाकीच्या फिया नाहीत. कढीपत्त्याचा कार टॅक्स धरता येतो. तुमच्या टेक्सासची ठोक फी अजिबात नाही. पण तुमच्याकडे राज्याचा आयकर नसल्याने तुम्ही विक्रीकर दाखवू शकता, त्यात ते ४५० येतात. अर्थात तुम्ही तपशीलवार वजावटी दाखवत असाल तरच. बहुतेक लोक ठोक वजावट घेतात, मग हे सगळं निव्वळ ज्ञान म्हणून उरतं.

डांबरी रस्ता
रवि, दुपारी ३:२५

शेजाऱ्याचे ४०० म्हणजे नव्या इलेक्ट्रिकचे पहिल्या दोन वर्षांचे, नंतर दरसाल २००. सप्टेंबर २०२३ पासून. हे थेट महामार्ग निधीत, कारण तो पेट्रोल भरत नाही. टेक्सासात पेट्रोलवर गॅलनला २० सेंट कर, १९९१ पासून एक सेंट हललेला नाही, आणि त्यातलाही पाव हिस्सा घटनेप्रमाणे शाळांना जातो. म्हणजे त्याला सांगा, तू शाळांचा हिस्सा चुकवतोयस, अजून आनंदात राहा.

आणि मधला बाक, तुमच्या ४५० कडे कुणी बघितलंच नाही. पावतीतला तोच सगळ्यात मोठा आकडा. गाड्यांच्या विक्रीकराचा बहुतेक पैसा राज्याच्या सर्वसाधारण खात्यात जातो. २०१५ च्या घटनादुरुस्तीने एवढंच ठरलं की वर्षाला ५०० कोटी डॉलरच्या वर जी वसुली होईल तिच्या ३५ टक्के रस्त्यांना. ५०० कोटींच्या आतला एकही सेंट त्या दुरुस्तीने रस्त्याला मिळत नाही.

आजोबांची सायकल
रवि, संध्याकाळी ५:००

म्हणजे मोठा आकडा एका डब्यात आणि बारक्या आकड्यांना पंधरा डबे. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तुमच्या ग्रेडरवाल्याला नमस्कार सांगा.

मधला बाक
मंगळ, रात्री ८:१५

धागा वर काढतो. दुसऱ्या गाडीचं रिन्युअल आलं आणि आता मीही चष्मा लावून बसलो. काउंटीच्या रस्ते-पुलांचे १० डॉलर कळले. सेफ्टी इन्स्पेक्शन जानेवारी २०२५ पासून बंद झालं, तरी त्याच्या जागचे ७.५० आहेत. खाली एक ओळ, 'चाइल्ड सेफ्टी १.५०'. हे काय? मुलीची कार सीट तर कधीच गेली.

डांबरी रस्ता
मंगळ, रात्री ८:५०

कार सीटचा संबंध नाही. हे काउंटीने ठरवलं तर लागतात, दीड डॉलरपर्यंत. काउंटी ते गावांना वाटते, मुख्यतः शाळेपाशी रस्ता ओलांडून देणाऱ्या लोकांसाठी.

मधला बाक
बुध, सकाळी ७:४०

आमच्या कोपऱ्यावर एक आजी असतात. पिवळं जाकीट, हातात थांबा लिहिलेली गोल पाटी, पाऊस असला की टोपीवर प्लास्टिकची पिशवी. मुलगी पहिलीत होती तेव्हापासून त्याच आहेत. आज मुलगी कोरोला घेऊन त्यांच्यापुढे थांबली तर आजींनी आधी पाटी वर केली, मग आत कोण आहे ते वाकून बघितलं आणि पाटी विसरून हात हलवत राहिल्या. मागच्या दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले.